पाहिलेल्याची वही

चाळीस. सदतीस. एकतीस. भिंतीवरच्या कागदावर आकडे रोज खाली उतरत होते, आणि आकडा उतरला की एक्केचाळीस पोरं टाळ्या पिटत होती. सगळ्यात मोठी टाळी बाईंची असायची. पुढे कित्येक दिवस हेमलताबाईंच्या कानातून ती टाळी जाणार नव्हती.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतो तिथे टेंभरपाडा आहे. साठेक घरं, दोन खोल्यांची शाळा आणि शाळेच्या वरच्या अंगाला मातीची लांब पाळ घातलेला पाझर तलाव. म्हणायला तलाव, गेली सतरा वर्षं त्याच्या पोटात शेळ्या चरत होत्या. पाळीच्या एका टोकाला वाघदेवाची टेकडी. शाळेत घंटा नव्हती. चिंचेच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला, त्यावर लोखंडी दांडी हाणली की सगळा पाडा दणाणायचा.

हेमलता मूळची वरणगावची. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. चार वर्षांपूर्वी इथे आली तेव्हा पहिला महिनाभर वर्गात एक पोर बोललं नाही. बाईंची मराठी पुस्तकातली, पोरांची अहिराणी चुलीजवळची. ती प्रश्न विचारी, पोरं खाली बघत. मुख्याध्यापक मोतीलाल सर म्हणाले, "मॅडम, इथली पोरं मुकीच. दोन वर्षं काढा, बदलीचा अर्ज करा."

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्याच नाहीत. आली ती एक म्हातारी. डोक्यावर फाटकी चादर, हातात काठी, कमरेत वाकलेली. दारात बसून गळा काढला तिने, "मनी शाया हरायनी व माय! कोनी देखी का मनी शाया?"

पोरं आधी दचकली. मग पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठली, म्हातारीचा हात धरला आणि म्हणाली, "हाईच शे ना शाया. तुले दिसत नही का, आंधयी?"

सगळा वर्ग फुटला. एकजण म्हणे शाळा पलीकडे आहे, एकजण म्हणे म्हातारीला चहा द्या, आणि त्या गलक्यात हेमलताने चादर फेकली. "बोलता येतं की तुम्हाला!"

ती चिमुरडी म्हणजे सुलक्षणा. तेव्हा पहिलीत होती, आता पाचवीत.

त्याच दिवशी वही सुरू झाली. रोज परिपाठानंतर प्रत्येकाने शाळेच्या वाटेवर पाहिलेली एक गोष्ट सांगायची. आपल्या बोलीत. बाई ती जशीच्या तशी वहीत उतरवणार. नियम दोनच. ऐकलेलं सांगायचं नाही, पाहिलेलंच सांगायचं. आणि एकाने सांगितलं की शेजारच्याने त्याला एक तरी प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागेल, मग सांगणारा कोणीही असो. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: पाहिलं. सापाची कात, मोतीलाल सरांच्या मोटारसायकलवर बसलेला सरडा, शाळेचा पोषण आहार रांधणाऱ्या भागाबाईच्या खिचडीत सापडलेलं बटण, सगळं तिथे नोंदलेलं होतं. बटणावरून भागाबाई आठ दिवस बाईंशी बोलली नव्हती.

यंदा पाऊस थांबायचं नाव घेईना. गणपती उठले तरी डोंगर ढगात. तलाव काठोकाठ भरला. माणसं संध्याकाळी पाळीवर जाऊन नुसती उभी राहत आणि पाण्याकडे बघत.

अशाच एका सकाळी सुलक्षणा उठून म्हणाली, "बाई, पाळीना खाले जमीन रडी ऱ्हायनी."

शेजारच्या सुकलालने नियमाप्रमाणे प्रश्न टाकला. "डोया कोठे शेत मंग जमीनले?"

"चाल, दखाडस," सुलक्षणा म्हणाली.

हेमलताला असं काही हवंच असायचं. अख्खी शाळा पाळीच्या पायथ्याशी निघाली. तिथे गवतात खरंच ओल होती, आणि ओलीच्या मधोमध बोटाएवढी धार उमळत होती. स्वच्छ. इतकी स्वच्छ की तळाची वाळू नाचताना दिसत होती.

"झरा!" हेमलता ओरडली. "सुलक्षणाने झरा शोधला!"

पोरांनी खुरपी आणली. बाईंनी पदर खोचला. सगळ्यांनी मिळून झऱ्याचं तोंड कोरलं, रुंद केलं, भोवती दगड लावले. मग बाईंनी लिटरची रिकामी बाटली धारेखाली धरली आणि पोरांना मोजायला लावलं. एक, दोन, तीन... चाळिसाला बाटली भरली.

"उद्या पुन्हा मोजू. बघू या झरा वाढतो का."

झरा वाढला. सदतीस, एकतीस, सव्वीस. गणित, परिसर, भाषा, सगळं एका बाटलीत. केंद्रातल्या बैठकीत हेमलताने तो तक्ता दाखवला तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी फोटो काढून घेतले.

पाड्याला तर हर्ष मावेना. इथला हातपंप दर उन्हाळ्यात कोरडा पडतो. बायका हंडे घेऊन दोन टेकड्या ओलांडतात. त्यांच्या दारात पाणी आपण होऊन आलेलं. सुलक्षणाच्या आजोबांनी, सिंगा आबांनी, झऱ्याच्या तोंडाशी एक वाटोळा दगड मांडला, शेंदूर माखला, नारळ फोडला. "देवी उनी," म्हणाले, आणि तिथेच घोंगडी टाकून बसले. धनसिंग भाऊ पाड्याचे पोलीस पाटील. त्यांनी टिकाव घेतला आणि गुरांना नीट पिता यावं म्हणून झरा आणखी हातभर आत खणला.

त्या दिवशी बाटली अठराला भरली. टाळ्या पाळीपर्यंत ऐकू गेल्या.

रविवारी हेमलताने वडिलांना फोन लावला. प्रेमराज नाना पस्तीस वर्षं कारखान्यात पाण्याच्या टाक्या आणि नळ सांभाळून निवृत्त झालेले. माणूस असा की घरातही शिस्त. हेमलता लहान असताना ते अचानक ताट वाजवायचे आणि आई, भाऊ, ती, सगळ्यांनी अमुक दाराने अमुक झाडाखाली जमायचं. आई चिडायची, "पोळी करपली की हो!" नाना घड्याळ बघत म्हणायचे, "करपू दे. विचार आधी करून ठेवायचा असतो. भोंगा वाजल्यावर करायचा नसतो."

हेमलताने झऱ्याची सगळी कहाणी सांगितली. पलीकडे नानांनी रेडिओ बंद केला.

"नाना? ऐकताय ना?"

"झरा पाळीच्या किती जवळ?"

"पायथ्यालाच."

"आणि तुम्ही तो खणला."

"हो. का?"

"पाण्याचा रंग कसा आहे?"

"नितळ. काचेसारखं."

"नितळ आहे तोवर नुसतं पाणी चाललंय. ज्या दिवशी गढूळ होईल ना हेमा, त्या दिवशी पाळ चाललेली असेल. आतून. वरून काही दिसत नाही. मग तिथे कोणाला उभं राहू देऊ नकोस. एक मिनिटसुद्धा."

फोन ठेवल्यावर हेमलता शाळेत आली. सुट्टी होती, वर्ग रिकामा. भिंतीवरचे आकडे तेच होते. चाळीस, सदतीस, एकतीस, सव्वीस, अठरा. काल जे चढताना दिसत होतं ते आज उतरताना दिसलं. तिने दारात उभं राहून वर पाहिलं. पाळ शाळेच्या छपरापेक्षा उंच होती. चार वर्षांत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

सोमवारी ती धनसिंग भाऊंकडे गेली.

"भाऊ, सांडवा थोडा फोडू या. पाणी दोन हात तरी खाली उतरवू."

धनसिंग भाऊ तिच्याकडे बघतच राहिले. "बाई, सतरा वरीस आम्ही ह्या तलावनं तोंड देखं. कोरडं. आते पाणी शे, तर तुम्ही म्हणतस सोडी द्या?"

"पाळ आतून पोखरतेय, भाऊ."

"तुम्हीच तर पोऱ्या लईसन खनं! तवय नही पोखरायनी?"

ओट्यावरच्या बायका फिस्सकन हसल्या. हेमलता तिथून निघाली. तालुक्याच्या कचेरीत तिने अर्ज दिला. त्यावर शिक्का बसला, माणूस पाठवतो म्हणाले. सिंगा आबांना सांगायला गेली तर त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "देवीले रस्ता मोकया करा तर बाईना पोटमा दुखस."

मोतीलाल सर म्हणाले, "मॅडम, आपण अभ्यासक्रम शिकवायचा. धरणं नाही."

"सर, पाळ फुटली तर पाणी आधी कोणत्या खोलीत शिरेल? तुमच्या की माझ्या?"

त्या दिवसापासून सरांनी मोटारसायकल टेकडीच्या बाजूला लावायला सुरुवात केली.

मोठी माणसं ऐकत नव्हती. राहिली पोरं. हेमलताने नवा खेळ काढला: टेकडी-टेकडी. झऱ्याकडे खेळायला जाणं बंद. बाटली रोज भरायची ती एकट्या सुकलालने, त्याचं घर वाटेवर होतं म्हणून, आणि तीही लांब काठीला बांधून, दुरून. आणि रुळावर दांडी न थांबता वाजायला लागली की प्रत्येकाने धावत जायचं, घरातलं एक मोठं माणूस हाताला धरायचं आणि वाघदेवाच्या टेकडीवर आणायचं. हात सोडायचा नाही. मोठं माणूस हसलं तरी, रागावलं तरी. जो सगळ्यात अवघड माणूस आणेल, त्याला दुसऱ्या दिवशी रूळ वाजवायचा मान.

पहिल्या दिवशी सात मोठी माणसं आली. तिसऱ्या दिवशी एकवीस. भागाबाईला तिच्या नातवाने पळीसकट ओढून आणलं. "मनी खिचडी लागी जाई रे मुडद्या!" ती धापा टाकत ओरडत होती, आणि हेमलताला करपणारी पोळी आठवत होती. बायका चेष्टा करायच्या, "बाईले वाघदेव लागना." पण पोरं हात धरून ओढू लागली की येत होत्या. पोराच्या हाताला हिसडा देणं जमत नाही माणसाला, एवढ्याच एका गोष्टीवर तिचा भरवसा होता.

सुलक्षणा मात्र रोज एकटी यायची. आईबाप सुरतेकडे कामाला; घरात तिचं मोठं माणूस एकच, सिंगा आबा. आणि आबा झऱ्यावरून हलत नव्हते.

"हात धरा तर दगडना सारखा बसी जास," ती रडवेली होऊन म्हणाली.

"उद्या परत जा," हेमलता म्हणाली. "युक्ती कर. नाटकात आपण कसं करतो? समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं."

हे वाक्य आपण बोललो, हे तिला पुढे रोज आठवणार होतं.

तेरा. अकरा. नऊ. आता टाळ्या कोणी वाजवत नव्हतं. आकडा सांगताना पोरं बाईंच्या तोंडाकडे बघत. पाणी नितळच होतं. रोज सकाळी ती बाटली उजेडात धरी, आणि नितळ पाणी बघून तिचे खांदे खाली येत. चिंचेवरची साळुंक्यांची जोडी आज दिसली नाही, असं एका मुलीने वहीत सांगितलं. पाळीवरची बाभूळ काल सरळ होती, आज वाकली, असं दुसऱ्याने सांगितलं.

"किती वाकली?" शेजारणीने विचारलं.

"आबाना इतली."

शनिवारची सकाळची शाळा. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, पाड्यात धुणी वाळत घातलेली. परिपाठ झाला. सुकलाल उठला, मागे लपवलेली बाटली पुढे धरली आणि खदखदून हसत म्हणाला, "बाई, झरा आज चहा पीसन उना!"

पोरं हसली. बाटलीत चहाच होता जणू. दुधाचा, दाट.

"किती मोजलेस?" हेमलताने बाटली त्याच्या हातातून घेतली.

"चार."

तिने बाटली टेबलावर ठेवली. बघता बघता तळाशी बोटभर गाळ बसला. पिवळी माती. पाळीची माती.

ती बाहेर धावली आणि रुळावर दांडी हाणू लागली. मोतीलाल सर पलीकडच्या खोलीतून चिडून आले. "मॅडम, शनिवारी पण खेळ? तपासणी आहे सोमवारी—" तिने नुसतं टेबलाकडे बोट दाखवलं. सरांनी खिडकीतून बाटली पाहिली. मग तिच्या हातातली दांडी काढून घेतली. "तुम्ही पोरांबरोबर व्हा. मी वाजवतो."

पोरं वाटांवाटांनी सुटली होती. घराघरातून तोच कलकलाट: "चाल ना व माय!" "सोड, भाकर शे तव्यावर!" "आज परत? बाईले काही कामधंदा नही?" धनसिंग भाऊंना त्यांच्या नातीने दाढी करताना धरलं; अर्ध्या गालाला साबण तसाच, ते शिव्या देत टेकडी चढले. त्यांना वाटलं, खेळ आहे. सगळ्यांनाच वाटत होतं; पोरं नसलेल्या घरांतलेही गंमत बघायला मागोमाग चढले. हेमलताने कोणाला सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर माणसं कोंबड्या धरायला, पेट्या आणायला मागे फिरली असती.

टेकडीवर ती पोरं मोजू लागली. हजेरीच्या क्रमाने, मोठ्याने. सगळ्यांत शेवटी सर आले, घामाने भिजलेले. दुसरीतल्या एका पोरीने त्यांची करंगळी धरली होती. सुकलालच्या काखेत वही होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"...एकोणचाळीस, चाळीस."

"सुलक्षणा?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"सुलक्षणा कुठेय?"

"आबाले आनाले गयी," सुकलाल म्हणाला.

प्रत्येकाने आपलं मोठं माणूस आणायचं. नियम हेमलताचाच. चाळीस पोरं त्या नियमाने पाण्यापासून दूर धावली होती आणि एक पोर त्याच नियमाने पाळीच्या पायथ्याशी गेलं होतं.

ती उतारावरून धावत सुटली. मागून सर ओरडले, "मॅडम, मागे फिरा!" पाळीच्या पायथ्याला आता धार नव्हती, बैलगाडी जाईल एवढं तपकिरी तोंड होतं. आणि एक आवाज येत होता. कोणी पोटातून कण्हावं तसा.

तेवढ्यात बांधावरून सुलक्षणा दिसली. स्कर्टच्या ओच्यात काहीतरी जड धरलेलं, दोन्ही हात शेंदराने लाल, वाकून वाकून धावत होती. आणि तिच्या मागे काठी उगारून, धोतराचा सोगा हातात धरून, सत्तरीचे सिंगा आबा.

"मनी देवी कोठे लई चालनी व! उभी ऱ्हाय! तुनी तंगडी मोडस!"

"वर ये, मंग देस!"

"चोट्टी! देवी चोरस!"

हेमलताने पोरीच्या ओच्याला खालून हात दिला. दोघी चढत राहिल्या, मागे म्हातारा शिव्या मोजत. अर्ध्या टेकडीवर होते तेव्हा कण्हणं थांबलं. वर हसणारी माणसंही गप्प झाली.

मग पाळ मधोमध बसली. फुटली नाही, बसली, दमलेली बाई उंबऱ्यावर बसते तशी. आणि तिच्यावरून सतरा वर्षं वाट पाहिलेलं पाणी खाली आलं. चिंच दोनदा वाकली, तिसऱ्यांदा दिसली नाही. शाळेचं छप्पर थोडं अंतर तरंगत गेलं. वाळत घातलेल्या धुण्यांतला एक लाल परकर बराच वेळ दिसत होता. कोणाची म्हैस ओरडली, मग तीही नाही.

टेकडीवर कोणी रडलंसुद्धा नाही. भागाबाईच्या हातात पळी होती, धनसिंग भाऊंच्या गालावर साबण वाळत होता.

सिंगा आबांनी नातीच्या ओच्यातला दगड काढून वाघदेवाशेजारी ठेवला. "देवीले काबर हालावं तू?" त्यांनी विचारलं, आता अगदी हळू.

"बाईनी सांगं व्हतं, मोठं माणूस लई या. तू येत नव्हता." सुलक्षणाने नाक पुसलं, शेंदूर गालाला लागला. "मंग तुनं मोठं माणूस लई उनू."

एक्केचाळीस. हेमलताने आकडा मोठ्याने म्हटला. टाळी कोणी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धनसिंग भाऊ तिच्याजवळ येऊन बसले. पत्र्याच्या तात्पुरत्या आडोशात सुकलालने वाचवलेली वही उघडी होती. "बाई, उद्या साहेब येतीन. पाळ कशी फुटनी इचारतीन." त्यांनी वहीकडे पाहिलं. "तेमा ते पान शे ना. आम्ही खनं ते. मना टिकाव, तुम्हनी खुरपी. फाडी टाका. दोन्ही जण सुटसूत."

"भाऊ, पोरांना मी काय सांगितलंय? पाहिलेलं लिहायचं."

"पोऱ्यासले काय समजस?"

"समजतं. म्हणून तर आपण इथे बसलोय."

भाऊ उठून गेले. जाताना म्हणाले, "इचार करा." त्यात विनंती किती होती आणि धमकी किती, तिला कळलं नाही.

सकाळी टेकडीवर, दोन देवांच्या शेजारी, शाळा भरली. रूळ नव्हता, सरांनी भागाबाईच्या पळीने ताट वाजवलं. खाली चिखलाचा पट्टा पसरलेला, त्याच्या पलीकडे तलावाचं पोट, पुन्हा कोरडं. यंदा उन्हाळ्यात पाणी कुठून येणार हे कोणी बोलत नव्हतं. रस्त्याच्या वळणावर साहेबांची जीप दिसत होती.

"चला. आज काय पाहिलं?"

एकही पोर बोललं नाही. चार वर्षांपूर्वीच्या पहिल्या महिन्यासारखी सगळी खाली बघत होती. हेमलताने वाट पाहिली. आज चादर आणि काठी घेऊन भागणार नव्हतं. तिने वही पुढे ओढली, नव्या पानावर पहिल्यांदाच स्वतःचं नाव लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "हेमलताबाई. मी पाहिलं, जमीन रडत होती. मी तिचं तोंड आणखी रुंद केलं. आणि टाळ्या वाजवल्या."

जीप थांबली. दारं उघडल्याचा आवाज आला. बाईंच्या शेजारी सुलक्षणा बसली होती, आणि नियमाप्रमाणे प्रश्न तिचा होता. तिने शेंदूर न निघालेला हात वर केला.

"बाई, मंग तुम्ही पाळीकडे पहिले काबर नही देखं?"

हेमलताने पेन खाली ठेवलं. साहेब टेकडी चढत होते. त्यांना थांबावं लागणार होतं; आधी या उत्तराची पाळी होती.